नवसागर, सामू आणि श्वासनलिकेची झाडलोट

कसबा पेठेतील तांबट आळीतून आणलेल्या भांड्याला कल्हई करताना नवसागराची पूड टाकताच नाकाला झोंबणारा पांढरा धूर उठतो, हे दृश्य जुन्या पुणेकरांच्या परिचयाचे आहे. हाच नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, जिवंत पेशीच्या आतील आम्लता बदलण्यासाठी प्रयोगशाळेतही वापरला जातो.

श्वासनलिकेच्या अस्तरातील प्रत्येक रोमल पेशीवर सुमारे दोनशे पक्ष्माभिका, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू, असतात. त्या सेकंदाला दहा ते पंधरा वेळा फटकारतात आणि धूळ, जंतू अडकलेला श्लेष्म्याचा थर घशाकडे सरकवत राहतात. सिंहगड रस्त्यावरची जी धूळ आपण दिवसभर श्वासातून घेतो, तिचा बराचसा भाग याच मार्गाने परत येतो. या हालचालीमागे डायनीन नावाची प्रथिने असतात. एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूची ऊर्जा वापरून ती पक्ष्माभिकेतील सूक्ष्मनलिका एकमेकींवर सरकवतात.

सामू (पीएच) म्हणजे हायड्रोजन आयनांवरून ठरणारे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त. पेशीद्रवाचा सामू साधारण ७.२ असतो. पक्ष्माभिकेची लांबी ६ ते ७ मायक्रोमीटर आणि जाडी पाव मायक्रोमीटर धरून हिशेब केला, तर तिच्यात कोणत्याही क्षणी मुक्त हायड्रोजन आयन जेमतेम डझनभर भरतात! सामू ०.३ ने उतरला की ही संख्या दुप्पट होते. अर्थात प्रथिनांना चिकटलेले आयन याहून कितीतरी अधिक असतात, आणि खरा परिणाम घडतो तो त्यांच्यामुळेच.

नवसागराच्या द्रावणातील अमोनिया पेशीपटलातून सहज आत शिरतो आणि तेथील हायड्रोजन आयन उचलतो, त्यामुळे पेशी अल्कधर्मी होते. द्रावण धुऊन काढले की अमोनिया बाहेर पडतो, आयन मागे राहतात आणि पेशी आम्ल बनते. २००४ साली मायामी विद्यापीठातील संशोधकांनी मानवी श्वसनमार्गाच्या पेशींवर दाखवून दिले की, सामू वाढला की पक्ष्माभिकांची गती वाढते आणि उतरला की मंदावते. पेशीतील नेहमीचे संदेशवाहक मार्ग औषधांनी रोखल्यावरही हा परिणाम पूर्णपणे नाहीसा झाला नाही. ढोलपथकात ताशाचा इशारा न बदलता वादकांचे हातच जड व्हावेत, तसा हा प्रकार आहे; आम्लतेचा प्रभाव बहुधा थेट डायनीनवर पडत असावा.

नवसागर हे केवळ प्रयोगाचे साधन झाले. शरीरात हे काम कार्बन डायऑक्साइड करतो. आत येणाऱ्या हवेत तो सुमारे ०.०४ टक्के असतो, तर उच्छ्वासात चार ते पाच टक्के. पाण्यात विरघळल्यावर त्यापासून हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट असे दोन्ही तयार होतात. यातील बायकार्बोनेट पक्ष्माभिकेतच असलेल्या एका विकराला (एन्झाइमला) चेतवतो आणि त्यातून निर्माण होणारे चक्रीय एएमपी हे संदेशवाहक रसायन गती वाढवते. म्हणजे एकाच वायूचा एक अंश पक्ष्माभिकेच्या वल्ह्याला आवरतो आणि दुसरा त्याला रेटतो.