रुपेरी पोथॉस आणि विदर्भातील त्याची जोपासना

रुपेरी पोथॉस हा अळू-सुरणाच्या कुळातला सदाहरित वेल आहे. शास्त्रीय नाव सिंडॅप्सस पिक्टस. पान हृदयाच्या आकाराचे, एका अंगाला किंचित कललेले, जाडसर असते आणि हात फिरवला तर गुळगुळीत न लागता मऊ कापडासारखे लागते. गडद हिरव्या रंगावर चांदीचे शिंतोडे उडाल्यासारखे दिसतात. लॅटिनमध्ये ‘पिक्टस’ म्हणजे रंगवलेला. रोपवाटिकेत हा वेल सॅटिन पोथॉस या नावाने मिळतो. खेड्यात कोणी त्याला चांदीचा मनीप्लांटही म्हणतात, पण तो मनीप्लांट नव्हे. मनीप्लांट एपिप्रेम्नम या वेगळ्या प्रजातीतला असून त्याचे मूळ पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावर आहे. वनस्पतिशास्त्रात मात्र काही काळ त्यालाही सिंडॅप्सस ऑरियस असे नाव होते. दोघांच्या नावांतला आजचा घोळ काही अंशी तिथूनच आलेला आहे.

सिंडॅप्सस ही प्रजाती शॉट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये वेगळी काढली. पिक्टस या जातीचे वर्णन १८४२ मध्ये हास्कार्ल याने केले. हा जर्मन अभ्यासक जावा बेटावरच्या वनस्पती-उद्यानात काम करत होता आणि पुढे सिंकोनाची, म्हणजे हिवतापावरच्या क्विनाइनची, झाडे जावात नेणारा म्हणूनही तो ओळखला गेला. रुपेरी पोथॉसचे मूळ घर बांगलादेश, थायलंड, मलेशिया, सुमात्रा, जावा, बोर्निओ, सुलावेसी आणि फिलिपिन्स इथल्या दमट जंगलांत आहे. आयुर्वेदातली गजपिंपळी म्हणून ज्या वेलीची फळे वापरतात ती सिंडॅप्सस ऑफिसिनॅलिस याच प्रजातीतली, म्हणजे रुपेरी पोथॉसची भारतीय बहीणच. बागांसाठी निवडलेल्या वाणांत बारीक ठिपक्यांचा ‘अर्जिरियस’ आणि मोठ्या चांदीच्या पट्ट्यांचा ‘एक्झॉटिका’ हे दोन सर्वांत जास्त दिसतात.

चांदीचा रंग येतो कुठून, हे समजले तर जोपासनेतल्या निम्म्या चुका टळतात. भाकरी तव्यावर फुगते तेव्हा वरचा पापुद्रा सुटतो आणि मध्ये हवा भरते. या पानातही तसेच होते. रुपेरी डागाच्या जागी वरची पातळ त्वचा खालच्या हिरव्या पेशींपासून किंचित सुटलेली असते. मधल्या हवेच्या पोकळीवर प्रकाश आपटून परत फिरतो आणि डोळ्याला तो भाग चांदीसारखा दिसतो. त्या डागाखाली हरितद्रव्य असतेच. पान उलटून पाहिले की खात्री पटते, डागाच्या मागची बाजू साधी हिरवी असते. पांढऱ्या पट्ट्यांच्या मनीप्लांटचे पान उलटले तर पांढरा भाग मागूनही पांढराच राहतो, कारण तिथे हरितद्रव्यच नसते. म्हणून अंधाऱ्या खोलीत मनीप्लांट हळूहळू सगळा हिरवा होत जातो, तर रुपेरी पोथॉसची चांदी तशी उडून जात नाही. उजेड कमी पडला तर त्याची पाने लहान येतात आणि दोन पानांमधले अंतर वाढते. चांदी अजून दिसते आहे म्हणजे उजेड पुरतो आहे, असा अर्थ काढू नये.

आता विदर्भाकडे. ज्या जंगलातून हा वेल आला तिथे वर्षभर हवा ओलसर असते, उजेड मोठ्या झाडांच्या पानांतून गाळून येतो आणि पारा बहुतेक काळ २० ते ३० अंश सेल्सियसच्या आसपास असतो. विदर्भात मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोला, वर्धा इथे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की दोरीवरचे धुणे अर्ध्या तासात वाळते. डिसेंबर-जानेवारीत नागपूर-गोंदिया पट्ट्यात रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो. आकडे पाहून हे झाड इथे जगणारच नाही असे वाटते. पण खेड्यातल्या मातीच्या भिंतीच्या, कवेलूच्या म्हणजे कौलांच्या घरात पूर्वापार एक जागा अशी असते की जिथे हे सगळे आकडे सौम्य होतात. ती म्हणजे घडवंचीचा, माठ ठेवायच्या तिवईचा, कोपरा.

माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाळते आणि वाळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेते. घडवंचीखालची वाळू दिवसभर ओली असते. त्या हातभर परिघात हवा घरातल्या इतर कोणत्याही जागेपेक्षा गार आणि ओलसर राहते. ओसरीच्या दाराने किंवा वरच्या काचेच्या कवेलूतून तिथे थोडा उजेड येत असेल तर रुपेरी पोथॉसला याहून चांगली जागा विदर्भात मिळणार नाही. टिनाच्या घरात दुपारी छत तापून उष्णता वरून खाली येते, म्हणून तिथे कुंडी आढ्याला टांगू नये, जमिनीजवळ ठेवावी. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी केव्हाही बरी. पश्चिमेच्या खिडकीतले वैशाखातले ऊन दोन तास जरी पानावर पडले तरी डाग पडतो. तो तपकिरी, कागदासारखा कोरडा डाग पुन्हा कधी हिरवा होत नाही.

कूलर हा दुधारी आहे. त्याच्या हवेत ओल असते, त्यामुळे कूलर चालू असलेल्या खोलीत झाड खुलते. पण झोत थेट पानांवर आला तर वारा पानांतले पाणी खेचून घेतो आणि कडा करपतात. कुंडी झोताच्या बाजूला ठेवावी, समोर नव्हे. वीज जाते तेव्हा खोली एकदम तापते, अशा वेळी कुंडी उचलून माठाजवळ नेणे एवढेच करायचे. पानांवर पाणी शिंपडल्याने काही मिनिटांपलीकडे फरक पडत नाही, त्यावर फार वेळ घालवू नये.

उन्हाळ्याचा एवढा बाऊ होतो, पण पाहण्यात आलेली बहुतेक रोपे उन्हाने मेली नाहीत, मातीने मेली. या नोंदीच्या लेखकाने पहिले रोप लावले ते पऱ्हाटीच्या वावरातली काळी माती भरून. ज्या मातीत कापूस अंगाबाहेर येतो तिथे एक वेल कसा जगणार नाही, हा विचार त्यामागे होता. तिसऱ्या आठवड्यात खालची पाने पिवळी पडली, वेल बुडाशी मऊ झाला आणि कुंडी उलटली तेव्हा मुळ्या ओल्या चिंधीसारख्या हातात आल्या, वास कुजका. काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण फार असते. ती पाणी पिऊन फुगते आणि मग हवेला जागा उरत नाही. वाळली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात, त्यात बारीक मुळ्या तुटतात. कापसाचे सोटमूळ खोल जाऊन हे सोसते. रुपेरी पोथॉस मुळात झाडाच्या खोडाला चिकटून चढणारा असल्याने त्याच्या मुळ्यांना हवा हवी असते. त्यांना पाणी लागते, पण साचलेले पाणी चालत नाही.

मिश्रणासाठी बाहेरून फार काही आणावे लागत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात तूस भरपूर मिळते, ते थोडे जाळून काळे केलेले घ्यावे. नारळाचा भुसा रोपवाटिकेत मिळतो. त्यात बोराएवढे विटांचे तुकडे, चुलीतले विझलेले कोळसे फोडून आणि मूठभर मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत घालावे. शेणखत ताजे असेल तर मुळ्या भाजतात. माती घालायचीच असेल तर पाव हिस्स्यापेक्षा जास्त नको, आणि तीही नदीकाठची हलकी. मिश्रण मुठीत दाबून सोडले की ढेकूळ न होता विखुरले पाहिजे, ही एकच परीक्षा. कुंभाराची मातीची कुंडी उत्तम, तिच्या अंगातून पाणी उडते. फक्त मे महिन्यात ती लवकर कोरडी होते हे लक्षात ठेवायचे. कुंडी मुळ्यांच्या गोळ्यापेक्षा दोन बोटे मोठी असली की पुरे. मोठ्या कुंडीत न वापरलेली ओल साचून राहते.

पाणी कधी द्यायचे हे झाड स्वतः सांगते, आणि इतके स्पष्ट सांगणारे घरगुती झाड विरळाच. तहान लागली की पानाच्या दोन्ही कडा आत वळू लागतात आणि सपाट पान कवेलूसारखे पन्हाळीचे होते. पाणी दिले की काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी, ते पुन्हा उलगडते. पान जरा वळू लागले की पाणी द्यावे, पूर्ण सुरळी होईपर्यंत थांबू नये. माती ओली असूनही पान वळलेले असेल तर प्रश्न तहानेचा नाही, मुळ्या कुजल्या आहेत असे समजावे आणि रोप ताबडतोब कुंडीतून काढून पाहावे. अशा वेळी घाबरून आणखी पाणी घालणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. वार ठरवून पाणी देण्यापेक्षा कुंडी उचलून तिचे वजन पाहावे, चार दिवसांत हाताला अंदाज येतो.

पाणी कोणते, हा विदर्भात किती या प्रश्नाइतकाच मोठा प्रश्न आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथले जमिनीखालचे पाणी खारट. असे पाणी महिना-दोन महिने घातले की मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरे क्षार फुलतात आणि पानांची टोके तपकिरी होतात. इतर भागातले बोअरचे जड पाणीही हळूहळू हेच करते. दोन पाणी तर मुळीच घालू नयेत. एक, आरओच्या नळीतून वाया जाणारे, कारण गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. दुसरे, कूलरच्या टाकीत उरलेले. टाकीतले पाणी उडून जाते पण क्षार मागे राहतात, त्यामुळे तळाचे पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारट झालेले असते. पन्हाळीचे पावसाचे पाणी ड्रममध्ये साठवून झाकून ठेवले तर एका-दोन कुंड्यांना ते बराच काळ पुरते. क्षार दिसू लागले असतील तर त्याच पाण्याने कुंडी दोन-तीनदा भरपूर धुऊन निथळू द्यावी.

मृग लागला की झाडाचे दिवस येतात. जून ते सप्टेंबर हवा ओलसर असते, नवी पाने भराभर फुटतात, मुरलेल्या खताची मूठ याच काळात द्यावी. युरिया चिमूटभरही नको, कुंडीतल्या थोड्याशा मातीत त्याची मात्रा सांभाळता येत नाही आणि मुळ्या जळतात. माती मात्र पावसाळ्यात वाळता वाळत नाही, तेव्हा पाणी निम्म्यावर आणावे. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत गावभर धुराळा उडतो, तो पानांवर बसला की ओल्या सुती फडक्याने हलकेच पुसावा. थंडीत कुंडी रात्री खिडकीपासून दूर घ्यावी आणि पाणी आणखी कमी करावे. १५ अंशांखाली हा वेल वाढ थांबवतो.

वेल खाली लोंबत ठेवला तर पाने लहान राहतात, आधार मिळून वर चढला तर मोठी होतात. बांबूच्या काठीला किंवा जाड पऱ्हाटीला काथ्या गुंडाळून ती कुंडीत रोवावी आणि काथ्या अधूनमधून ओला करावा. पेरांतून फुटणाऱ्या मुळ्या त्याला धरतात. तुराटी या कामाला टिकत नाही, ओलीने वर्षभरात मोडते.

किडींपैकी पिठ्या ढेकूण, फुलकिडे आणि लाल कोळी येतात, कापूस लावणाऱ्याला ही नावे नवी नाहीत. म्हणूनच इथे कळकळीने एक सांगायचे आहे: शेतातले उरलेले औषध घरातल्या कुंडीवर कधीही मारू नये. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेही उघड्या वावरात. बंद खोलीत, जिथे पोरे झोपतात आणि माठ भरलेला असतो, तिथे त्या औषधाला जागाच नाही. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने पुसून निघतो. त्यापुढे ५ टक्के निंबोळी अर्क पुरे: ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून अंगाच्या साबणाचा चुरा किंचित मिसळायचा आणि कुंडी अंगणात नेऊन सावलीत शिंपडायचा.

धोपा म्हणजे अळू किंवा सुरण कच्चा तोंडात गेला तर घसा खवखवतो, तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक या वेलाच्या पानांत आणि देठांत असतात. रांगते मूल, मांजर, कुत्रा किंवा ओसरीवर चढणारी बकरी यांच्या तोंडाला कुंडी लागू नये. पान चावले गेल्यास तोंड लगेच धुवावे, आणि सूज आली किंवा गिळणे अवघड झाले तर दवाखान्यात न्यावे. छाटणीनंतर हात धुवायला विसरू नये, चीक डोळ्याला लागला तर चुरचुरतो.

नवे रोप करायचे तर पाऊस पडू लागला की करावे. वेलाला उसासारखी पेरे असतात. एक-दोन पेरांचा तुकडा पेराच्या खाली बोटभर अंतरावर कापायचा, पेरापाशी मुळीचा छोटा तपकिरी फुगवटा दिसत असेल तर फारच छान. पेराशिवाय नुसते पान पाण्यात ठेवले तर ते महिनोन्महिने हिरवे राहील, कधी मुळीही फुटेल, पण त्यातून वेल येणार नाही. काचेच्या पेल्यात पावसाचे पाणी घेऊन फक्त पेर बुडवावे, पान वर ठेवावे, दर चार दिवसांनी पाणी बदलावे. तीन ते चार आठवड्यांत बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या मुळ्या येतात, म्हणजे आषाढात कापलेले पोळ्याच्या सुमारास कुंडीत लावायला तयार होते. मनीप्लांटच्या मानाने हा वेल सावकाश वाढतो, लावल्यानंतर पहिले नवे पान यायला कधी महिना लागतो. ते पान सुरळीसारखे गुंडाळलेले बाहेर येते, आणि सुरळीवरही बाहेरून चांदीचे ठिपके दिसतात.