पॅरिसचा मेट्रो-पास घेताना आधी वार बघा

पॅरिसला पाच-सहा दिवस जाणारे बहुतेक जण ‘किती दिवसांचा पास घेऊ?’ असे विचारतात. खरे तर विमान कोणत्या वारी उतरते, हे आधी पाहायला हवे. तिथला सर्वांत फायद्याचा, म्हणजे आठवड्याचा, पास सोमवारी सुरू होतो आणि रविवारी मध्यरात्री संपतो. तुम्ही बुधवारी घेतला तरी तो त्या रविवारीच संपणार. चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंतच मिळतो आणि शुक्रवारपासून पुढच्या आठवड्याचा विकायला लागतात. म्हणजे शुक्रवारी सकाळी उतरलेल्या माणसाला रविवारपर्यंत सुट्या तिकिटांवर किंवा दिवसाच्या पासावर भागवावे लागते.

आता दर. खालचे आकडे २०२५ चे आहेत. दर दरवर्षी १ जानेवारीला बदलतात, त्यामुळे निघण्यापूर्वी एकदा नवे दर पाहून घ्या. हिशेबाची रीत मात्र तीच राहते. मेट्रो, उपनगरी रेल्वे आणि आरईआर (शहरातून उपनगरांत जाणारी जलद रेल्वे) यांचे एक तिकीट २.५० युरो, मग अंतर कितीही असो. व्हर्साय आणि डिस्नेलँडही त्यातच आले. बस-ट्रामचे तिकीट २ युरो. विमानतळाचे तिकीट वेगळे, १३ युरो. आठवड्याचा पास ३१.६० युरो, त्यात ही सगळी वाहने, व्हर्साय, डिस्नेलँड आणि दोन्ही विमानतळांचे मार्ग येतात: शार्ल द गोलहून आरईआर बी, ऑर्लीहून मेट्रो १४.

समजा, सोमवारी उतरून शनिवारी परतायचे आहे. विमानतळाच्या दोन फेऱ्यांचेच २६ युरो होतात. पास आणि त्याच्या कार्डाचे ५ युरो मिळून ३६.६०. म्हणजे शहरात पाचवी फेरी केली की पास वसूल, आणि तेवढ्या फेऱ्या दीड दिवसात होतात. उलट शनिवारी उतरून बुधवारी परतायचे असेल, तर पहिले दोन दिवस सुटी तिकिटे घ्यायची. सोमवारचा पास घ्यायचा की नाही हे फेऱ्यांवर ठरवा: परतीचे १३ युरो वजा केल्यावर तीन दिवसांत निदान दहा फेऱ्या होणार असतील तरच घ्या. हॉटेल मध्यवस्तीत असेल आणि चालायची सवय असेल, तर तेवढ्या होत नाहीत.

पास कोणाला मिळतो? कोणालाही. तिथला पत्ता, बँक खाते, व्हिसाची प्रत, काहीही लागत नाही. फक्त कार्ड योग्य हवे. ‘नाविगो इझी’ हे २ युरोचे बिननावाचे कार्ड आहे. त्यात सुटी तिकिटे आणि दिवसाचा पास भरता येतो, आठवड्याचा पास येत नाही. आठवड्यासाठी ‘नाविगो देकुव्हेर्त’ हे ५ युरोचे नावाचे कार्ड लागते. ते स्टेशनच्या तिकीट खिडकीवर मिळते, विमानतळाच्या स्टेशनवरही. हे ५ युरो परत मिळत नाहीत. कार्ड घेतल्यावर पास खिडकीवर किंवा यंत्रावर भरायचा.

देकुव्हेर्तसाठी एकच कागदपत्र लागते, फोटो, आणि गाडी नेमकी तिथेच अडते. फोटो २५ × ३० मिलिमीटरचा हवा. व्हिसासाठी काढलेला ३५ × ४५ चा फोटो कापून चालवू असे वाटते, पण त्या फोटोत चेहराच ३२ ते ३६ मिलिमीटर उंच असतो. कापला की कपाळ तरी जाते नाहीतर हनुवटी. व्हिसाचे फोटो काढतानाच स्टुडिओवाल्याला सांगून त्याच फोटोच्या लहान मापाच्या दोन-दोन प्रती घ्या. कार्डाचे दोन भाग असतात: चिपचे कार्ड आणि नावाचा पुठ्ठा. पुठ्ठ्यावर नाव लिहून, फोटो चिकटवून, सही करून दोन्ही सोबत ठेवायचे. फोटो किंवा सही नसेल तर पास भरलेला असूनही टीसी जागेवर दंड करतो. ‘आत्ताच घेतलाय, हॉटेलवर जाऊन चिकटवतो’ हे कारण चालत नाही.

हा खटाटोप नको असेल तर आयफोनच्या वॉलेटमध्ये किंवा, फोनला एनएफसी (फोन यंत्राला टेकवून वापरण्याची सोय) असेल तर, अँड्रॉइडवर तिथल्या वाहतूक संस्थेच्या, ‘इल द फ्रान्स मोबिलिते’च्या, अॅपमध्ये आठवड्याचा पास भरता येतो. फोटो नाही, कार्डाचे ५ युरोही नाहीत. पण एका फोनवर एकाच माणसाचा प्रवास धरा, आणि बॅटरी सांभाळा.

पैसे भरताना आपल्याकडच्या कार्डांची एक अडचण येते. बँकेने परदेशी व्यवहार बंद ठेवलेले असतात. निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमधून ते सुरू करा. यंत्र चार आकडी पिन मागते, तो पाठ हवा. आयफेल टॉवरला यूपीआय आले म्हणून मेट्रोच्या यंत्रावर ते चालेल असे धरू नका. आणि यंत्राजवळ आपणहून मदतीला येणाऱ्या माणसाला पैसे देऊ नका. पासाचे पैसे घेऊन मुलाचे एक तिकीट हातात ठेवण्याचा प्रकार तिथे जुना आहे.

मुलांचे सोपे आहे. चार वर्षांखालील मोफत. चार ते नऊ वर्षांच्या मुलांना सुटी तिकिटे अर्ध्या दरात मिळतात, पण आठवड्याच्या पासाला मुलांचा वेगळा दर नाही, म्हणून त्यांच्यासाठी बहुधा इझी कार्डच परवडते. प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे. एक कार्ड दोघांनी पाठोपाठ टेकवून आत जाता येत नाही.

दिवसाचा पास (२०२५ मध्ये १२ युरो) चोवीस तासांचा नसतो, तारखेचा असतो. संध्याकाळी पाचला घेतला तरी मध्यरात्री संपतो, आणि विमानतळाच्या मार्गांवर चालत नाही. पर्यटकांसाठीचा ‘पारी व्हिझित’ कोणत्याही वारी सुरू होतो आणि त्यात विमानतळही येतो, पण तो इतका महाग आहे की सलग दिवस आणि रोज लांबच्या फेऱ्या असतील तरच विचार करावा. संग्रहालयांचा ‘पॅरिस म्युझियम पास’ ही निराळीच वस्तू. त्यात मेट्रो नाही आणि आयफेल टॉवरही नाही. लूव्र आणि व्हर्सायला तो पास असूनही वेळ आधी राखून ठेवावी लागते. पासाचे तास पहिल्या प्रवेशापासून सलग मोजतात. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. ४८ तासांचा पास रविवारी दुपारी सुरू केलात तर त्यातला सोमवार बराचसा वाया जातो. अठरा वर्षांखालील मुलांना या तिन्ही ठिकाणी प्रवेश मोफत असतो, त्यांच्यासाठी तो घेऊच नका.

प्रवासात दोन गोष्टी चुकतात. मेट्रोच्या तिकिटावर दोन तासांत मेट्रो, रेल्वे, आरईआर बदलता येते, पण स्टेशनाबाहेर आलात की तिकीट संपले, आणि त्याच तिकिटावर बस धरता येत नाही. दुसरी चूक पासवाल्यांची: बसमध्ये गेट नसते म्हणून कार्ड टेकवत नाहीत. पास असला तरी प्रत्येक बस आणि ट्राममध्ये चढताना ते टेकवायचेच, नाहीतर तोही दंडाचा विषय होतो.