स्कॉटलंडचं स्वातंत्र्य आणि ब्रेक्झिट

युनायटेड किंगडममधून बाहेर पडून स्कॉटलंडने वेगळा देश व्हावं ही मागणी जुनी आहे, पण २०१६ नंतर ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचं युरोपीय युनियनमधून बाहेर पडणं, बाजूला ठेवून तिच्याबद्दल बोलताच येत नाही. स्कॉटलंड दोन युनियनमध्ये होता, एक इंग्लंडबरोबरची १७०७ पासूनची आणि दुसरी युरोपची. दुसरीत राहायचं म्हणून तिथल्या लोकांनी स्पष्ट मत दिलं, तरी पहिलीत असल्यामुळे त्यांना दुसरीतून बाहेर पडावं लागलं. सुमारे ५४ लाख लोकांच्या या देशाची आजची राजकीय घुसमट इथूनच आहे.

स्कॉटलंड हा इंग्लंडने लढाईत जिंकून घेतलेला मुलूख नाही हे आधी लक्षात घ्यायला हवं. १६०३ ला दोन्ही देशांचा राजा एक झाला, संसद मात्र वेगळ्याच राहिल्या. मग १६९८ ते १७०० च्या काळात पनामातल्या डेरियनला वसाहत करायच्या नादात स्कॉटिश लोकांचा प्रचंड पैसा बुडाला, वसाहतीला गेलेली माणसं तापाने आणि उपासमारीने मेली, आणि अशा कर्जबाजारी अवस्थेत १७०७ चा करार झाला. त्यात इंग्लंडने सुमारे चार लाख पौंड दिले, डेरियनमध्ये बुडालेल्यांची भरपाईही त्यातूनच झाली, आणि एडिंबरामधली संसद बंद झाली. लोक रस्त्यावर उतरले, दंगली झाल्या, पण मत द्यायचा अधिकार मूठभर लोकांना होता. कायदा, चर्च आणि शिक्षण मात्र स्कॉटलंडने आपलं आपल्याकडे ठेवलं, आणि वेगळेपणाची जाणीव तीनशे वर्षं टिकली ती मुख्यतः यामुळे.

त्या बदल्यात साम्राज्याचे दरवाजे उघडले. मुंबई इलाख्याचा इतिहास वाचला की हे लगेच दिसतं, गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, त्यांच्यानंतर आलेले जॉन माल्कम, ज्यांच्या नावाने विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन, हे तिघंही स्कॉटिश. साम्राज्य चालू होतं तोवर युनियनमध्ये राहण्यात फायदा होता, ते गेल्यावर 'आता कशासाठी?' हा प्रश्न पुन्हा वर आला.

स्कॉटिश नॅशनल पार्टी म्हणजे एसएनपी १९३४ ची, पण तिला खरी धार आली १९६७ मध्ये विनी ईविंग यांनी हॅमिल्टनची पोटनिवडणूक जिंकली तेव्हा, आणि पुढे उत्तर समुद्रात तेल सापडल्यावर 'हे तेल स्कॉटलंडचं' ही घोषणा घरोघरी पोचली. १९७९ च्या सार्वमतात प्रांतिक विधिमंडळाच्या बाजूने ५१.६ टक्के मतं पडली तरी ते मिळालं नाही, कारण एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा अशी अट घातली होती आणि तो भरला जेमतेम ३३ टक्के. शेवटी १९९७ ला ७४ टक्क्यांनी कौल दिला, १९९९ ला संसद भरली, आणि तेव्हा ज्येष्ठ सदस्य म्हणून याच विनी ईविंग यांनी जाहीर केलं की २५ मार्च १७०७ रोजी तहकूब झालेली स्कॉटिश संसद पुन्हा भरत आहे. स्वातंत्र्याच्या विरोधात असलेल्यालाही त्या वाक्याचं वजन जाणवेल.

युरोपबद्दल एसएनपीचं मत आधी बरोबर उलटं होतं. १९७५ च्या सार्वमतात पक्षाने युरोपीय समुदायातून बाहेर पडायचा प्रचार केला होता, आणि तेव्हा अख्ख्या ब्रिटनमध्ये 'नको' म्हणणारे दोनच भाग निघाले, शेटलंड आणि वेस्टर्न आइल्स, दोन्ही स्कॉटलंडमधलेच. १९८८ पासून पक्षाने 'युरोपमध्ये स्वातंत्र्य' ही भूमिका घेतली आणि मग सगळं गणितच बदललं, कारण युरोपचा बाजार असेल तर लंडनचा हात सोडला तरी छोटा देश एकटा पडत नाही, आयर्लंड डोळ्यासमोर होतंच.

२०११ ला एसएनपीला १२९ पैकी ६९ जागा मिळाल्या. २०१२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आणि स्कॉटलंडच्या सरकारचे प्रमुख, एसएनपीचे अ‍ॅलेक्स सॅमंड यांनी एडिंबरा करारावर सह्या केल्या आणि १८ सप्टेंबर २०१४ ला स्वातंत्र्यावर सार्वमत झालं. ८४.६ टक्के मतदान, १६ आणि १७ वर्षांच्या मुलांनाही मत, तिथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांनाही मत. निकाल लागला ५५.३ टक्के 'नाही' आणि ४४.७ टक्के 'हो'. ३२ पैकी चारच भागांत 'हो' पुढे होतं, पण त्यात ग्लासगो आणि डंडी होते. त्या वेळी 'नाही'वाले सांगत होते की वेगळे झालात तर युरोपीय युनियनमधली जागा जाईल, युरोपात राहायचं तर ब्रिटनमध्येच राहा. हे ऐकून कितीतरी लोकांनी घाबरून 'नाही' केलं असणार.

आणि दोनच वर्षांत, २३ जून २०१६ ला, ब्रिटनने ५१.९ टक्क्यांनी युरोप सोडायचं ठरवलं. स्कॉटलंडने ६२ टक्के मतं राहण्याच्या बाजूने दिली, बत्तीसच्या बत्तीस भागांत तोच कौल, मोरेमध्ये अगदी थोडक्यात का होईना. या मतदानात १६-१७ वर्षांची मुलं नव्हती आणि स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या बहुतेक युरोपीय नागरिकांनाही मत नव्हतं, म्हणजे ज्यांचं आयुष्य सगळ्यात जास्त बदलणार होतं तेच बाहेर. लोकांना फसवल्यासारखं वाटलं आणि माझ्या मते ते वाटणं रास्त होतं. मात्र स्वातंत्र्यवाले सगळे युरोपवाले होते असं नाही, सर्वेक्षणांनुसार त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांनी ब्रेक्झिटला मत दिलं होतं, उत्तर-पूर्व किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा तर ब्रसेल्सच्या, म्हणजे युरोपीय युनियनच्या, मासेमारी धोरणावर जुना राग. गंमत नाही, दुःख आहे, की २०२१ च्या सुरुवातीला नव्या कागदपत्रांमुळे ताजी मासळी आणि कोळंबी अडकून पडली ती याच किनाऱ्याची.

३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं. ब्रेक्झिटने स्वातंत्र्याची बाजू न्याय्य केली आणि त्याच वेळी प्रत्यक्षात ते मिळवणं कितीतरी अवघड केलं, आणि हे दोन्ही खरं आहे. २०१४ ला दोन्ही देश युरोपातच राहणार अशी कल्पना होती त्यामुळे सीमेचा प्रश्न सौम्य होता, आता स्कॉटलंड युरोपात परत गेला तर इंग्लंडबरोबरच्या सुमारे १५४ किलोमीटरच्या सीमेवर कस्टम्स येणार, आणि स्कॉटलंडमधून बाहेर जाणाऱ्या मालाचा नि सेवांचा साठ टक्क्यांच्या आसपास वाटा उरलेल्या ब्रिटनमध्येच जातो. चलनाचंही तसंच, २०१४ मध्येच अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बॉर्न यांनी पौंड वाटून घ्यायला नकार दिला होता, आणि स्वतःचं चलन नि स्वतःची मध्यवर्ती बँक उभी करायची तर वर्षं जाणार. युरोपमध्ये प्रवेश मिळवायला बजेटची तूटही आटोक्यात लागते. या प्रश्नांवर एसएनपीने दिलेली उत्तरं पुरेशी नव्हती असंच म्हणावं लागेल.

पण सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे प्रश्न विचारायचा अधिकार. मार्च २०१७ मध्ये सॅमंड यांच्यानंतर स्कॉटलंडच्या सरकारच्या प्रमुख झालेल्या निकोला स्टर्जन यांनी दुसऱ्या सार्वमताची परवानगी मागितली, पंतप्रधान थेरेसा मे म्हणाल्या आत्ता ती वेळ नाही, त्यानंतरच्या पंतप्रधानांनीही नाहीच म्हटलं. २०२१ ला हॉलीरूडमध्ये, म्हणजे स्कॉटिश संसदेत, सार्वमत हवं म्हणणाऱ्या पक्षांचं बहुमत आलं, एसएनपी ६४ आणि ग्रीन पक्ष ८, स्टर्जन यांनी १९ ऑक्टोबर २०२३ तारीखही जाहीर केली. २३ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेच्या, संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला असं सार्वमत घेताच येणार नाही, सल्ल्यापुरतंसुद्धा नाही. निकाल वाचून दाखवणारे लॉर्ड रीड स्वतः स्कॉटिश. कायद्याने निकाल बरोबर असेल, पण स्वेच्छेने झालेल्या युनियनमधून बाहेर पडायचा मार्ग कुठला, याचं उत्तर त्यात नाही.

नंतर पक्षाचे दिवस फिरले. स्टर्जन यांनी २०२३ मध्ये राजीनामा दिला, हमझा यूसफ वर्षभर टिकले, मग जॉन स्विनी आले, आणि जुलै २०२४ च्या निवडणुकीत एसएनपीचे खासदार ४८ वरून ९ वर आले. स्वातंत्र्याला पाठिंबा मात्र त्या प्रमाणात घसरला नाही, चाचण्यांमध्ये तो पन्नाशीच्या खाली-वर हलत राहिला, तरुणांमध्ये जास्त आणि पेन्शनरांमध्ये कमी.

उत्तर आयर्लंडशी तुलना केली की अन्याय नीट दिसतो. त्यांनीही ५५.८ टक्क्यांनी युरोपात राहायला मत दिलं होतं, पण १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतरच्या, म्हणजे तिथल्या शांतता करारानंतरच्या, कायद्यात लिहिलंय की बहुसंख्य लोक आयर्लंडमध्ये सामील व्हायला मत देतील असं ब्रिटिश मंत्र्यांना वाटलं तर त्यांनी मतदान घ्यायलाच हवं, आणि तसं झालं तर तो सगळा भाग आपोआप युरोपीय युनियनमध्ये येईल असं युरोपीय नेत्यांनी २०१७ मध्येच जाहीर केलंय. स्कॉटलंडसाठी अशी तरतूद नाही, किती पाठिंबा दिसला, किती निवडणुका जिंकल्या की पुन्हा विचारायचं, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही आणि लंडनमधल्या कुठल्याही सरकारने ते ठाम नियम म्हणून मांडलेलं नाही.