चाळिशी ओलांडलेल्या गाड्या आणि एमओटीची माफी

ब्रिटनमध्ये 1960 साली एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही याची सक्तीची तपासणी, सुरू झाली ती मुळात जुन्या गाड्यांसाठीच. दहा वर्षांवरच्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग बघायचं, एवढंच तिचं काम होतं. पुढच्याच वर्षी वयाची अट सात वर्षांवर आली, 1967 मध्ये तीनवर.

उलटा प्रवास सुरू झाला नोव्हेंबर 2012 मध्ये. 1960 पूर्वीच्या गाड्यांना एमओटी माफ झाली. आधाराला आकडे होते: नोंदणीकृत वाहनांत या गाड्या 0.6 टक्के, अपघातांत मात्र 0.03 टक्के, दोनतृतीयांश गाड्या वर्षाकाठी 500 मैलही धावत नाहीत. पण हे आकडे गोळा झाले तेव्हा तपासणी सक्तीची होती. अपघात कमी होते ते मालकांच्या जपणुकीमुळे की दरवर्षीच्या तपासणीमुळे, हे त्यातून कळत नाही. या मुद्द्याकडे तेव्हाही पुरेसं लक्ष गेलं नाही.

20 मे 2018 पासून माफी सरकती झाली. गाडीला चाळीस वर्षं झाली की सूट, मात्र गेल्या तीस वर्षांत तिच्यात ‘मोठा बदल’ झालेला नसावा. खरा गुंता या दोन शब्दांत आहे. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बदलून वेगळ्या धाटणीची घातली तर तो मोठा बदल. सस्पेन्शन किंवा स्टिअरिंगचा प्रकार बदलला तर तोही. पण सुरक्षितता वाढवायला केला असेल तर नाही. मूळ पद्धतीचे भाग आता सहजी मिळत नाहीत म्हणून, गाडी टिकवण्यासाठी केला असेल तरी नाही. त्याच कंपनीनं त्या मॉडेलला पर्याय म्हणून दिलेलं इंजिन चालतं. सिलिंडरांची संख्या वेगळी निघाली तर ‘बहुधा’ चालत नाही. ताकद आणि वजनाचं गुणोत्तर 15 टक्क्यांहून जास्त वाढलं तर माफी नाही, असा मोजता येणारा निकष आधी सुचवला होता. अंतिम नियमांत तो राहिला नाही. उरलं ते मालकाचं स्वतःचं निवेदन. माफी देताना गाडी कुणी प्रत्यक्ष बघत नाही.

आजची तपासणी जुन्या गाड्यांना नीट लागू पडत नाही, हे त्या जपणाऱ्या छंदी मंडळींचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे ड्रम ब्रेक आजच्या यंत्रावर तपासणाऱ्या तरुण मेकॅनिकला त्या गाडीची ओळख नसते, हे खरंच आहे. पण सरकत्या अटीमुळे यादीत येणाऱ्या गाड्याच बदलल्या. 1980 साली बाजारात आलेली ऑस्टिन मेट्रो ही शाळा-बाजाराची, रोजच्या धबडग्यातली गाडी. तिच्या पहिल्या वर्षांतल्या गाड्या आता माफीत बसतात. अशा गाड्यांना वेगळी चासी नसते, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. गंज धरतो तो दाराखालच्या पट्टीत आणि गालिच्याखाली. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय तो दिसत नाही.

गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी माफीनंतरही मालकावरच आहे, आणि धोकादायक अवस्थेतली गाडी चालवल्यास 2,500 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. स्वेच्छेनं एमओटी करून घेण्याची वाटही खुली आहे.