पेशी निवडणारे यंत्र सामायिक कसे झाले

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पेशी तपासून वेगळ्या काढण्याची एक सामायिक प्रयोगशाळा आहे. संशोधक आधी वेळ नोंदवतो, बर्फात ठेवलेल्या नळ्या घेऊन येतो, गुठळ्या यंत्राच्या नोझलमध्ये, म्हणजे बारीक तोंडात, अडकू नयेत म्हणून पेशी बारीक जाळीतून गाळून घेतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही (एनसीसीएस) अशी सोय आहे. यंत्र फार महाग आहे म्हणून ते वाटून वापरायचे, हे कारण खरेच. पण माझ्या मते त्याहून मोठे कारण त्याच्या इतिहासात आहे. हे यंत्र कधीच एका माणसाचे नव्हते.

वॉलेस कोल्टर यांनी १९५३ साली पेटंट मिळवलेल्या पद्धतीने पेशी मोजता येऊ लागल्या, निवडता मात्र येत नव्हत्या. अमेरिकेतल्याच लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत रक्तातल्या तांबड्या पेशी मोजल्या की आकाराचे दोन गट दिसत. खरेच दोन जाती आहेत, की मोजणी चुकते आहे? पेशी वेगळ्या काढून पाहिल्याशिवाय ते कळणार नव्हते. तिथल्या मॅक फुलवायलर यांनी त्यासाठी स्टॅनफर्डच्या रिचर्ड स्वीट यांचे तंत्र उचलले. शाईच्या थेंबांना विद्युतभार देऊन हवे तिकडे वळवायचे, असे ते तंत्र, आणि ते आलेख काढण्यासाठी केलेले होते! १९६५ साली फुलवायलर यांचा सॉर्टर, म्हणजे पेशी निवडणारे यंत्र, प्रसिद्ध झाला. तांबड्या पेशींचे ते दोन गट म्हणजे मोजणीतलाच दोष ठरला.

स्टॅनफर्डचे लेन हर्झनबर्ग यांना आकारावरून नाही, चमकणारा रंग लावल्यावर दिसणाऱ्या चकाकीवरून पेशी निवडायच्या होत्या. सूक्ष्मदर्शकात डोळे ताणून चमकणाऱ्या पेशी मोजण्याचा त्यांना कंटाळा आला होता. लॉस अलामोसने त्यांना यंत्राचे आराखडे देऊन टाकले, आणि ही उदारता मला फार मोलाची वाटते. जोडणीला हात लागले स्टॅनफर्डचेच जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांच्या विभागातल्या अभियंत्यांचे. नासाच्या पैशावर ते मंगळावरचे जीव ओळखण्याची उपकरणे करत होते. १९६९ साली पहिले यश आले, १९७२ साली लेसर बसला, आणि थोड्याच वर्षांत बेक्टन डिकिन्सन कंपनीने ते बाजारात आणले.

काम चालते ते असे. पेशी एकामागोमाग एक बारीक धारेतून लेसरसमोरून जातात. धार सेकंदाला हजारो वेळा थरथरवून तिचे थेंब पाडले जातात. हवी ती पेशी ज्या थेंबात आहे, त्याला तो तुटण्याच्या क्षणी विद्युतभार दिला जातो आणि तो बाजूच्या नळीत वळतो. लेसरपासून थेंब तुटेपर्यंतचा वेळ एका थेंबाने जरी चुकला, तरी नळीत नुसते पाणी जमते. म्हणून ही जुळणी करणारा जाणता माणूस यंत्रापाशी हवा, आणि तसा माणूस प्रत्येक प्रयोगशाळेला परवडत नाही.

१९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड, म्हणजे ठराविक खुणेलाच चिकटणारे प्रथिन, हवे तितके बनवण्याची वाट दाखवली. त्यांच्या मदतीने नेमक्या पेशीला नेमका रंग लावता येऊ लागला आणि यंत्रापाशी नवनवे प्रश्न घेऊन माणसे येऊ लागली. १९८८ साली स्टॅनफर्डमध्येच अर्व्हिंग वाइसमन यांच्या गटाने उंदराच्या अस्थिमज्जेतून रक्त घडवणाऱ्या मूळपेशी निवडून काढल्या. मज्जेतल्या सुमारे दोन हजार पेशींत अशी जेमतेम एक.