पराभूताची संमती

निवडणुकीत हरलेला उमेदवार, त्याचा पक्ष आणि मुख्य म्हणजे त्याला मत देणारा नागरिक निकाल स्वीकारतो आणि पुढील निवडणुकीपर्यंत कारभार करण्याचा विजेत्याचा अधिकार नाकारत नाही, या स्थितीला राज्यशास्त्रात पराभूताची संमती म्हणतात. विजेत्याच्या धोरणांना पाठिंबा असा तिचा अर्थ नाही. विरोध चालूच राहतो, मात्र तो सभागृहात, न्यायालयात, शांततामय आंदोलनात आणि पुढच्या मतदानात व्यक्त होतो. जिंकणाऱ्याला निकालाबद्दल शंका घेण्याचे सहसा कारण नसते, त्यामुळे निवडणूक यंत्रणेची खरी परीक्षा हरणारा घेत असतो आणि मतमोजणीचे अर्धे काम त्याची खात्री पटवण्याचे असते.

पराभव जाहीरपणे मान्य करण्याचे बंधन बहुतेक देशांच्या कायद्यांत नाही. तसे करणे हा केवळ रूढीचा भाग आहे. अमेरिकेत १८९६ साली विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी विजेते विल्यम मॅकिन्ली यांना तारेने अभिनंदन कळवले, तेथून ही प्रथा तिथे रुजली असे मानतात. तिची सर्वांत कठीण कसोटी २००० साली लागली. फ्लॉरिडा राज्यातील सुमारे ६० लाख मतांत जॉर्ज बुश यांची आघाडी अवघ्या ५३७ मतांची होती आणि अध्यक्षपद त्याच राज्याच्या निकालावर अवलंबून होते. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर रोजी पाच विरुद्ध चार अशा मताने फेरमोजणी थांबवली. दुसऱ्या दिवशी बुश यांचे प्रतिस्पर्धी अल गोर यांनी आपण या निर्णयाशी असहमत आहोत, पण तो स्वीकारतो, असे सांगितले. असहमती आणि स्वीकार एकाच वाक्यात मांडणारे हे निवेदन या संकल्पनेचे नेमके उदाहरण आहे. गोर यांच्या अनेक मतदारांना मात्र तो निकाल पुढेही पटला नाही, आणि नेत्याची संमती व मतदाराची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही त्यातून दिसले.

२०२० साली हीच रूढी मोडली. डोनाल्ड ट्रम्प यांनी पराभव मान्य केला नाही. निकालाविरुद्ध साठांहून अधिक दावे दाखल झाले आणि ते जवळजवळ सर्व फेटाळले गेले. जॉर्जिया राज्यात सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने पुन्हा मोजल्या गेल्या, तरी जो बायडेन यांची जवळपास १२ हजारांची आघाडी कायम राहिली. ६ जानेवारी २०२१ रोजी संसद भवनावर जमावाने केलेला हल्ला ही त्याची परिणती होती. आरोप करण्यासाठी हरावेच लागते असे मात्र नाही. २०१६ साली राज्यवार निकालांच्या बळावर अध्यक्षपद जिंकूनही देशभरातील एकूण मतांत मागे पडल्यावर ट्रम्प यांनी लाखो बेकायदा मते पडल्याचा दावा केला होता. त्याच्या चौकशीसाठी २०१७ साली नेमलेला आयोग तसा पुरावा न मांडताच जानेवारी २०१८ मध्ये बरखास्त झाला.

अनेक देशांतील जनमत पाहण्यांत एक गोष्ट सातत्याने आढळते. विजेत्या पक्षाच्या मतदारांचा निवडणुकीवरील आणि एकूण शासनव्यवस्थेवरील विश्वास पराभूतांच्या मतदारांपेक्षा जास्त असतो आणि सत्तांतर झाले की हे पारडे उलटे फिरते. मतदानाची पद्धत, यंत्रे, कर्मचारी यांपैकी काहीही बदललेले नसले तरी ते फिरते. त्यामुळे ‘लोकांचा निवडणुकीवर विश्वास उरलेला नाही’ असे विधान कोणी केले की कोणत्या लोकांचा आणि कोण जिंकल्यानंतर, हे आधी विचारणे योग्य ठरते. याचा अर्थ प्रत्येक शंका पक्षपातातूनच येते असा नाही. दोष खरोखरच असतात आणि ते बहुधा हरलेल्यांनाच शोधावे लागतात, कारण दुसऱ्या कोणाला त्यात रस नसतो.

आंदोलनांच्या पैशाचा वाद या विषयाशी जोडलेला आहे. हरलेली बाजू ‘मते खोटी’ असे म्हणते, तर सत्तेवरची बाजू ‘मोर्चा भाड्याचा’ असे म्हणते. दोन्ही आरोपांचे मूळ एकच आहे: आपल्याला विरोध करणारी इतकी माणसे खरोखर अस्तित्वात आहेत हे मान्य करण्याची तयारी नसणे. बाहेरच्या चिथावणीखोरांचा आरोप तर फार जुना आहे. १९६३ साली अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात वर्णभेदाविरुद्ध निदर्शने झाली, तेव्हा तेथील काही धर्मगुरूंनी ती अंशतः बाहेरच्यांच्या नेतृत्वाखाली चालल्याचे म्हटले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात, आपण स्थानिक संघटनेच्या निमंत्रणावरून आलो आहोत, असे उत्तर दिले.

भाड्याची गर्दी ही निव्वळ कल्पना नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे वायूवर चालणाऱ्या वीजप्रकल्पावरील सार्वजनिक सुनावण्यांत २०१७-१८ मध्ये प्रकल्पाच्या बाजूने बसण्यासाठी नटांना प्रत्येकी ६० डॉलर आणि बोलण्यासाठी २०० डॉलर दिले गेल्याचे उघड झाले. वीज कंपनीने याचे खापर कंत्राटदारावर फोडले, तरी नगर परिषदेने तिला ५० लाख डॉलरचा दंड केला. येथे गर्दी विकत घेणारा पक्ष आंदोलकांचा नव्हता, ही बाब नोंदवण्याजोगी आहे. पैशाचा प्रश्न विचारताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. बस, ध्वनिक्षेपक, फलक, जेवण, वकील आणि जामीन यांचा खर्च कोणत्याही मोठ्या आंदोलनाला येतो आणि तो वर्गणीतून, कामगार संघटनांकडून, पक्षांकडून किंवा देणगीदार संस्थांकडून भागतो. माणसाचे मत विकत घेऊन त्याला उभे करणे हा वेगळा प्रकार आहे. पहिल्याचा पुरावा दाखवून दुसरा सिद्ध झाल्याचे सांगणे, ही या वादातील नेहमीची हातचलाखी आहे.

देणगीदारांची नावे उघड करण्याच्या मागणीलाही दोन बाजू आहेत. परकीय पैशाची नोंद मागणारे कायदे लोकशाही देशांतही आहेत: अमेरिकेत १९३८ पासून, भारतात १९७६ पासून. पण १९५६ साली अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची सदस्ययादी मागितली, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली, नावे उघड झाल्यास सदस्यांना छळ सोसावा लागेल आणि संघटन-स्वातंत्र्यच संपेल, म्हणून ती मागणी एकमताने फेटाळली. रशियाने २०१२ साली परकीय पैसा घेऊन राजकीय काम करणाऱ्या संस्थांवर ‘परकीय हस्तक’ अशी मोहोर उमटवणारा कायदा केला. हंगेरीचा २०१७ चा असाच कायदा युरोपीय न्यायालयाने २०२० साली युरोपीय संघाच्या कायद्याशी विसंगत ठरवला. हिशेब मागणे गैर नाही; मात्र तोच हिशेब सत्ताधारी पक्षाच्या सभांनाही लागू आहे का, यावरून कायद्याचा हेतू पुष्कळसा ओळखता येतो.

पराभूताची संमती मिळवण्याचा सर्वसामान्य मार्ग पडताळणीचा आहे. जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी २००५ च्या निवडणुकीत वापरलेली मतदानयंत्रे घटनाबाह्य ठरवली. यंत्रांत गडबड झाल्याचे आढळले नव्हते आणि ती निवडणूकही रद्द झाली नाही. मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय नागरिकाला तपासता आले पाहिजेत, एवढाच न्यायालयाचा मुद्दा होता. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली यंत्राला कागदी चिठ्ठीची जोड देण्यास सांगितले, त्यामागेही असाच विचार होता. ऑस्ट्रियाचे उदाहरण याहून बोलके आहे. मे २०१६ मधील अध्यक्षीय निवडणूक अलेक्झांडर व्हान डर बेलेन यांनी ३० हजारांहून थोड्या अधिक मतांनी जिंकली. काही ठिकाणी टपाली मते वेळेआधी किंवा अधिकार नसलेल्या व्यक्तींनी उघडल्याचे सिद्ध झाल्यावर, प्रत्यक्ष गैरव्यवहाराचा पुरावा नसतानाही, घटना न्यायालयाने ती रद्द केली. डिसेंबरमधील फेरनिवडणुकीत त्याच उमेदवाराची आघाडी ३ लाखांच्या पुढे गेली आणि प्रतिस्पर्ध्याने त्याच संध्याकाळी पराभव मान्य केला. आपली यंत्रणा निर्दोष असल्याचे सतत सांगणाऱ्या आयोगापेक्षा चूक कबूल करून पुन्हा मतदान घेणारी यंत्रणा अधिक विश्वासार्ह ठरते, असे येथे म्हणता येईल.

पडताळणीला मर्यादाही आहेत. ॲरिझोनातील मॅरिकोपा काउंटीत २०२१ साली ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे बहुमत असलेल्या राज्य सिनेटने सुमारे २१ लाख मतपत्रिकांची तपासणी खासगी कंपनीकडून करवली. तीत बायडेन यांची मते ९९ ने वाढली आणि ट्रम्प यांची २६१ ने घटली. तरीही आरोप थांबले नाहीत. पुरावा मागणाऱ्याला पुरावा देता येतो. ज्याने निष्कर्ष आधीच काढलेला आहे त्याला प्रत्येक नवी मोजणी नव्या संशयाचे साहित्य पुरवते.

केनियात या विषयाच्या जवळजवळ सर्व बाजू सात वर्षांत दिसल्या. १ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षीय निवडणूक रद्द केली; आफ्रिकेत असे प्रथमच घडले. पण विरोधी उमेदवार राइला ओडिंगा यांनी फेरनिवडणुकीवर बहिष्कार टाकल्याने संमतीचा प्रश्न तसाच राहिला. २०२२ साली ते विल्यम रूटो यांच्याकडून हरले, न्यायालयाने या वेळी निकाल कायम ठेवला आणि ओडिंगा यांनी तीव्र असहमती नोंदवून तो मानला; पुढच्या वर्षी मात्र महागाईविरोधी निदर्शनांत तोच निकाल तपासण्यासाठी निवडणूक आयोगाचे सर्व्हर उघडण्याची मागणी त्यांनी केली. २०२४ साली करवाढीच्या विधेयकाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले. विधेयक मागे घ्यावे लागल्यानंतर जुलैमध्ये रूटो यांनी या अशांततेमागे फोर्ड फाउंडेशन या अमेरिकी देणगीदार संस्थेचा पैसा असल्याचा आरोप केला आणि संस्थेने तो नाकारला. त्याच महिन्यात रूटो यांनी ओडिंगा यांच्या पक्षातील नेत्यांची नावे मंत्रिपदांसाठी जाहीर केली. आंदोलक तरुण मात्र कोणत्याही पक्षाचे वा नेत्याचे म्हणून उतरले नव्हते, त्यामुळे त्यांच्या वतीने संमती देण्याचा अधिकार या मंत्र्यांना नव्हता.