रामकुंडावरचं ‘तेज’ आणि कॅमेऱ्याची लाल खिडकी

गेल्या महिन्यात पंचवटीत मामाकडे गेलो, तर देवघराशेजारी नवा फोटो लागलेला. कृष्णधवल, रामकुंडाचा, आणि पाण्याच्या मधोमध एक पांढरट गोळा. माळ्यावर आजोबांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा सापडला होता. मामेभावानं हौसेनं त्यात रोल भरून घाटावर फोटो काढले होते. मामी म्हणाली, “गोदामाईचं तेज आहे रे ते.” मी निगेटिव्ह मागून घेतली. तोच गोळा, त्याच जागी, घाटावरच्या एका स्कूटरवर होता आणि मामाच्या पोटावरही होता.

तेज आलं होतं कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीतून. ही खिडकी कशाला, हे कळायला रोल उलगडून बघावा लागतो.

या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाचा रोल लागतो. कोडॅकनं तो १९०१ मध्ये आणला आणि तो अजून बनतो. सुमारे ६ सेंटिमीटर रुंदीची फिल्म, आणि तिच्या पाठीला तिच्यापेक्षा बराच लांब कागद, आतून काळा. रोल संपल्यावर फिल्म उलटी गुंडाळायची भानगड नाही. एका रिळावरून ती दुसऱ्यावर जाते आणि रिकामं झालेलं पहिलं रीळ पुढच्या रोलसाठी पलीकडे सरकवायचं.

आता खरी गंमत. एक फोटो काढला की फिल्म सहा सेंटिमीटरहून जराशी जास्त सरकली पाहिजे. फिल्म पुढे सरकवणाऱ्या चावीच्या फेऱ्या मोजल्या तर? नाही जमत. येवल्याला संक्रांतीत आसारीवर मांजा गुंडाळणाऱ्या पोराला हे गणित हातानं ठाऊक असतं: आसारी भरत आली की एका फेरीत जास्त दोरा येतो. रिळाचंही तसंच. गुंडाळीची त्रिज्या ७ मिलिमीटर असताना परीघ ४४ मिलिमीटर, त्रिज्या १० झाली की ६३. म्हणजे पहिल्या फोटोनंतर साधारण दीड फेरी लागते, शेवटाकडे जेमतेम एक. सगळीकडे दीड फेरी दिली तर शेवटच्या फोटोंमध्ये रुंद मोकळे पट्टे पडतील आणि रोल बारा फोटो व्हायच्या आधीच संपेल. सगळीकडे एकच फेरी दिली तर सुरुवातीचे फोटो एकमेकांच्या अंगावर चढतील.

फाळक्यांच्या जिल्ह्यात कुणी विचारेल, मग सिनेमावाले काय करायचे? सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मला कडेनं भोकं असतात. दात्यांचं चाक ठरलेले दाते फिरलं की ठरलेलीच फिल्म सरकते, रीळ जाड असो की बारीक. १२० ला भोकं नाहीत. म्हणून आकडे कागदावरच छापले, आणि ते दिसावेत म्हणून पाठीला खिडकी. कागदावर आकड्यांच्या तीन ओळी असतात, कारण ६×४.५, ६×६ आणि ६×९ या मापांचे अनुक्रमे सोळा, बारा, आठ फोटो बसतात. खिडकी ज्या ओळीसमोर, ते त्या कॅमेऱ्याचं माप. रोलायफ्लेक्स ऑटोमॅट या कॅमेऱ्यानं १९३७ मध्ये खिडकीची गरजच संपवली: दोन रुळांमधून नुसता कागद जातोय की कागदाला जोडलेली फिल्म आली, हे तो जाडीवरून ओळखतो आणि तिथून मोजणी सुरू करतो. मला विचाराल तर यंत्रकलेचा हा सर्वांत देखणा नमुना!

कागद आणि फिल्म एकाच टोकाला चिकटवलेली असतात, दुसरं टोक मोकळं. फिल्म आत, कागद बाहेर. दोघांच्या त्रिज्येत समजा ०.१ मिलिमीटरचा फरक. मग दर फेरीला कागद २π × ०.१, म्हणजे सुमारे ०.६ मिलिमीटर जास्त लागतो, आणि या हिशोबात मूळ त्रिज्या कटून जाते. दोन्ही टोकं चिकटवली असती तर फिल्मला फुगा आला असता.

खिडकी लाल, कारण जुन्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. आजच्या बहुतेक फिल्मला दिसतो. ऊन आणि फिल्म यांच्यामध्ये उरला फक्त तो काळा कागद. त्यातून आजोबांच्या कॅमेऱ्याची खिडकी फिकट गुलाबी झालेली, आणि भाऊ भर दुपारी सूर्याकडे पाठ करून उभा. “फिल्मला आत्मा असतो” म्हणणारे आजचे हौशीही मला मामीइतकेच भाबडे वाटतात. फिल्मला चांदीचे क्षार असतात, आणि त्यांना घाटावरचं ऊन आणि देवाचं तेज यांतला फरक कळत नाही.

पुढचा रोल मी सावलीत भरून दिला. कागदाचं टोक रिळाच्या फटीत सरकवलं, भरलेल्या रिळावर अंगठा दाबून दोन फेऱ्या घट्ट दिल्या. गुंडाळी सैल राहिली की कडेनं उजेड शिरतो. माझा पहिलाच रोल असा वाया गेला होता. पाठ बंद केली, खिडकीत १ येईपर्यंत चावी फिरवली आणि खिडकीवर काळी चिकटपट्टी लावली, पुढचा आकडा बघताना तेवढी सावलीत उचलायची.

मामी बघत होती. म्हणाली, “दृष्ट लागू नये म्हणून का रे?”

म्हटलं, “हो. उन्हाची.”